पाण्यातून दिलेलं औषध

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे. माझी मोठी काकी जाऊन बरीच वर्षं झाली. घरातले लोक तिच्या नावाने दर वर्षी पान वाढतात, तिच्या हातच्या कैरीच्या लोणच्याची आठवण काढून डोळे पुसतात, आणि मी पंगतीत असले की हळूच माझ्याकडे बघतात. म्हातारी आज काही बोलते की काय, म्हणून. मी जेवते आणि उठते. बोलायचं ते आता इथे बोलणार आहे. वय झालं, गुडघे कुरकुरतात, जिना चढताना मध्ये उभं राहावं लागतं. पण राग अजून ठणठणीत आहे. तो माझ्याबरोबर चितेवर जाऊ नये, एवढीच इच्छा.

आमचं घर मालगुंडच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत. चिऱ्यांचं, कौलारू, पुढे सारवलेलं अंगण आणि मागे वाडी. वाडीत माड, माडांच्या मधे पोफळी, आणि जवळजवळ प्रत्येक पोफळीवर चढलेला मिरीचा वेल. मिरीचे घोस उतरवले की अंगणात चटया टाकून वाळत घालायचे, आणि त्या दिवसांत घरात जो येईल तो शिंकत यायचा. घरात माणसं मोजकीच. तात्या म्हणजे थोरले काका, त्यांची बायको ती मोठी काकी, माझी आई आणि मी. काकीचे दोन्ही मुलगे मुंबईला नोकरीला. माझे वडील बोटीवर खलाशी; वर्षातून एकदा यायचे, साबणाच्या वड्या आणि परदेशी बिस्किटांचे डबे आणायचे, महिनाभर राहायचे आणि पुन्हा जायचे. ते घरात असले की काकी माझ्या आईला 'सुमन बाय' म्हणायची. ते गेले की 'ती'.

त्या घराचा विचार केला की मला आधी आवाज आठवतात. पहाटेची ताकाची रवी, विळीवर नारळ खवल्याचा करकरीत आवाज, गोठ्यात म्हशीचं साखळीशी खुळखुळ करणं, आणि पावसाळ्यात टेकडीपलीकडून येणारी समुद्राची गाज, जिच्यामुळे जेवताना मोठ्याने बोलावं लागायचं. यातली रवी आईची, विळी आईची आणि म्हशीचं सगळं आईचंच. ती शेण काढायची, धार काढायची, विरजण लावायची, लोणी काढायची, आणि चुलीपुढे बसून तूप कढवायची. तूप निवलं की बरणी काकीकडे. काकी ती फडताळात ठेवायची आणि किल्ली कमरेला खोचायची. ते फडताळ उघडायचं ते मुंबईची माणसं आल्यावर, देवाच्या नैवेद्याला आणि तात्यांच्या भातावर. आईच्या भातावर तूप पडलेलं मी कधी पाहिलं नाही. पण त्याचं तेव्हा मला फारसं काही वाटायचं नाही, कारण घरोघरी धाकट्या सुनांचं तसंच असायचं.

आईच्या हाताला चव होती, हे मात्र सगळ्या वाडीला माहीत होतं. बांगड्याचं तिखलं करावं तर तिनेच. तिरफळं ठेचून टाकायची ती नेमकी कधी, हे ती कोणाला सांगू शकायची नाही. तिच्या हाताला कळायचं. साधी कुळथाची पिठी केली तरी तात्या दुसऱ्यांदा भात मागायचे. मुंबईचे पाहुणे जेवून उठले की ओटीवर सुपारी कातरत म्हणायचे, "धाकल्या वयनीच्या हाताला काय चव आहे हो!" काकी तिथेच पानाचं तबक घेऊन उभी असायची. तिचं तोंड तेव्हा कसं व्हायचं ते मी पाहिलंय. काकीने जे केलं ते का केलं असं लोक मला विचारतात, तेव्हा मला हे तबक आठवतं. पण खरं सांगू? कारण शोधायच्या भानगडीत मी पडत नाही. कारण सापडलं की माणूस अर्धी माफी देऊन टाकतो.

मी नववीत गेले त्या पावसाळ्यात आईची बोटं सुजायला लागली. सकाळी उठली की मूठ वळत नसे. ती चुलीच्या उबेला हात धरून बसायची आणि मग हळूहळू बोटं मोकळी व्हायची. मालगुंडला एक वयस्कर वैद्य होते, सगळे त्यांना आबा वैद्य म्हणायचे. तात्यांनी आईला त्यांच्याकडे नेलं. आबांची पद्धत अशी की आज नाडी बघायची, बोटं दाबून बघायची, आणि औषध मागाहून कुटून द्यायचं. ते आणायला काकी गेली. बाजारहाट तीच करायची, तेव्हा वाटेवरचं काम म्हणून. पुढेही पुड्या संपल्या की तीच जायची. पुड्यांत हळद होती, आणखी दोनतीन मुळ्या होत्या. काकी रोज पहाटे, आईच्या पोटात काही नसताना, पुडी पितळेच्या पेल्यात टाकायची, वर रांजणातलं गार पाणी ओतायची, बोटाने ढवळायची आणि म्हणायची, "घे." पेल्याच्या तळाशी पिवळा गाळ बसलेला असायचा. आई त्यात पुन्हा पाणी घालून तोही प्यायची, औषध वाया जाऊ नये म्हणून.

पाऊस गेला, थंडी आली, बोटं तशीच. उलट दोन बोटं बाहेरच्या अंगाला कलायला लागली. काकीला आता एक नवीनच वाक्य सापडलं. "औषध लागत नाही म्हणजे दुखणंच नाही. दुखणं असतं तर औषध लागलं नसतं काय गो?" हे ती पाणवठ्यावर सांगायची, देवळात सांगायची, वाण्याच्या दुकानात सांगायची. काही दिवसांत गावातल्या बायका आईच्या बोटांकडे संशयाने बघायला लागल्या. आणि दुखणंच नाही म्हटल्यावर कामं कशाला कमी होतील? भात कांडणं, धुणं, म्हैस, सगळं चालूच. मी शाळेत जायच्या आधी करता येईल तेवढं करायचे, तर काकी म्हणायची, "पोरीला राबवतेय आणि आपण हात शेकत बसलीय. लाज नाही मेलीला."

एक दिवस सकाळी आईच्या हातून पेजेचं पातेलं सुटलं. उकडी पेज, कढत. पायावर सांडली. तात्या ओटीवर होते, सुपारी उतरवायला आलेले गडी अंगणात होते. काकी आतून आली, सांडलेल्या पेजेकडे बघितलंन्, आईच्या पायाकडे नाही. म्हणाली, "झालं का सोंग करून? आजपासून औषध बंद. पुड्या कशाला फुकट घालवायच्या?" तात्यांनी मान खाली घातली. आई खाली बसून पेज गोळा करायला लागली, आणि बोटं वळत नव्हती म्हणून तळहाताने ओढायला लागली. ते तळहाताने पेज ओढणं मी आजही पाहू शकते, डोळे मिटायचीही गरज नाही.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तडक आबा वैद्यांकडे गेले. भांडायला गेले होते. ते पडवीत खल घेऊन बसले होते. मी नमस्कारसुद्धा केला नाही. म्हटलं, "तुमचं औषध खोटं आहे. माझी आई एवढे महिने घेतेय, काडीचा गुण नाही."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कुणाची गो तू?" मी सांगितलं. "बस," म्हणाले. "घेते कशी ती औषध?"

"कशी म्हणजे? पाण्यातून."

"पाण्यातून?"

"गार पाण्यातून. पहाटे."

आबांनी हातातला बत्ता खाली ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. मग आत जाऊन दोन वाट्या घेऊन आले. एकीत पाणी, एकीत कोमट तूप. दोन्हींत चिमूटभर हळद टाकली, काडीने ढवळली. पाण्यातली हळद गरगर फिरली आणि तळाशी जाऊन बसली, वरचं पाणी नुसतं गढूळ. तुपातली हळद तुपात मिसळून गेली, तूप सोन्यासारखं पिवळं झालं. "बघ," म्हणाले, "हळद पाण्याची नव्हे, तुपाची आहे. पाण्यातून दिलीस तर सकाळी खाल्लेली संध्याकाळी परसाकडे! अंगात शिरणार कशी? तुपात परतायची, वर चार मिरी कुटून घालायची, जेवणावर द्यायची, मागून कोमट दूध. याला अनुपान म्हणतात पोरी. औषध म्हणजे पाहुणा. त्याला घरात घेऊन जाणारा कोणीतरी हवा, नाहीतर तो उंबऱ्यावरूनच परत जातो."

मी म्हटलं, "मग हे तुम्ही सांगितलं का नाही?"

म्हातारा भडकलाच. "सांगितलं नाही? तुझ्या काकीला दर खेपेला सांगतोय! गेल्या खेपेस तर म्हटलं, तूप नसेल तर नारळाच्या घट्ट दुधातून दे, तेही चालेल. म्हणाली, 'देतेय आबा, रोज तुपातनंच देतेय. तिच्या अंगालाच लागत नाही त्याला मी काय करू?'"

मी तिथून घरी कशी आले ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की वाटेत आमच्या वाडीच्या दगडी गडग्यापाशी थांबले आणि मिरीच्या वेलांकडे बघत राहिले. तूप राहू दे. तुपाला कुलूप होतं. पण नारळ? आमच्या पडवीत नारळांचा ढीग पडलेला असायचा, फुटके नारळ म्हशीला जायचे. आणि मिरी अंगणात पायाखाली यायची. काकीला त्यात काही खर्च नव्हता. तिने तेवढंही दिलं नाही, कारण तिला द्यायचंच नव्हतं. तोवर मला वाटत होतं, काकी कंजूष आहे. कंजूषपणा एक वेळ माणूस समजून घेतो. हे वेगळं होतं. रोज पहाटे उठून, पेला घासून, पाणी भरून, माझ्या आईला न लागणारं औषध पाजायचं. आणि मग गावभर सांगत फिरायचं की बघा, हिला औषध लागत नाही.

पुढे मी औषधशास्त्र शिकले, रत्नागिरीला त्याच विषयाची मास्तरकी केली, त्यात आयुष्य गेलं. निरोप समारंभात कोणीतरी म्हणालं, बाईंनी सेवाभावाने हा विषय निवडला. कसला सेवाभाव! मी रागाने निवडला. आबांच्या दोन वाट्या मी दर वर्षी नव्या वर्गाला करून दाखवायचे. हळदीतला जो पिवळा अंश कामाचा मानतात, तो पाण्याशी फटकून असतो. पाण्यातून गिळला तर बहुतेक आला तसा निघून जातो. थोडाफार आत शिरलाच तर आतडं आणि यकृत मिळून त्याचं रूप पालटतात आणि त्याला बाहेरची वाट दाखवतात. स्निग्ध पदार्थाच्या आधाराने तो आत शिरतो, आणि मिरीतला तिखट अंश त्या हकालपट्टीला थोडा वेळ खीळ घालतो. आता कंपन्या त्याला चरबीच्या इवल्याशा थेंबांत गुंडाळून गोळ्या करतात आणि भारी डब्यांतून विकतात. जाता जाता सांगून ठेवते, मिरी दार उघडते ते एकट्या हळदीला नव्हे. दुसऱ्या गोळ्याही मग जास्त अंगात जातात. तेव्हा फिट्सच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी हे वाचून घरी प्रयोग करू नयेत, डॉक्टरला विचारावं. झालं, मास्तरीणबाईंचं बोलून झालं.

तर त्या दिवशी घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. आई गोठ्यात होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नलू, हे कुणाकडे बोलू नकोस. बाबा यायचेत अजून." मी तात्यांकडे गेले. तात्या भला माणूस. भल्या माणसांचा मला आयुष्यभर जो कंटाळा आलाय तो तात्यांपासून. ते म्हणाले, "बायकांच्या कामात मी पडत नाही गो. तू अभ्यास कर." मग मी स्वतःच एक नारळ खवला, दूध काढलं, मिरी कुटल्या, पण पुड्या? उरलेल्या पुड्या काकीने तुपाशेजारी फडताळात टाकल्या होत्या. मी खवलेला चव आणि मिरी बघून काकी माझ्या मागे येऊन उभी राहिली, आणि तिला कळलं. मी कुठे गेले होते, कोणी काय सांगितलं, सगळं तिला त्या वाटीवरून कळलं. ती हसली. म्हणाली, "आबा म्हातारे झालेत. आणि तू लहान आहेस. तुझं कोण ऐकणार?"

प्रश्न बरोबर होता. आईचं कोणी ऐकत नव्हतं, तात्या ऐकून न ऐकल्यासारखं करत होते, बाबा समुद्रावर होते. आणि बोटं रोज थोडी थोडी कलत होती. मला घाई होती. तेवढ्यात शिमगा आला.

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. मुंबईची सगळी माणसं त्यासाठी गावाला. अंगण सारवायचं, रांगोळी घालायची, पालखी येऊन टेकली की बायकांनी ओटी भरायची, आणि मग गाऱ्हाणं. गुरव पालखीपुढे उभा राहतो आणि घरातल्या माणसांच्या वतीने देवाला मोठ्याने सांगतो. याला नोकरी लागू दे, तिची कूस उजवू दे, अमक्याच्या मागची इडापिडा टळू दे. त्याच्या प्रत्येक वाक्याला पालखीबरोबरची सगळी माणसं एका सुरात म्हणतात, "होय महाराजा!" लहानपणापासून ऐकून ते इतकं अंगात भिनलेलं असतं की वाक्य काय होतं इकडे कोणाचं लक्ष नसतं. वाक्य संपल्याचा सूर आला की तोंडातून 'होय महाराजा' निघतंच.

त्या दिवशी अंगण भरलेलं होतं. काकी नऊवारी नेसून, नथ घालून पुढे. तिने मुलांसाठी गाऱ्हाणं घालून घेतलंन्, बढती, नवी खोली, सगळं. आई मागे, दाराच्या चौकटीशी, हात पदराखाली लपवून. गुरवाने विचारलं, "आणखी कोणाचं काय म्हणणं?" मी पुढे झाले. माझं ऐकायला तो खाली वाकला, कारण गाऱ्हाणं त्यानेच घालायचं असतं. मी त्याला म्हटलं, "माझं मी घालते." तो काही म्हणायच्या आत मी पालखीकडे तोंड केलं आणि तोच सूर लावला. इतकी वर्षं ऐकलेला, कुठे चुकणार?

"बा देवा महाराजा!"

"होय महाराजा!"

"आज ह्या घरची लेक तुझ्या पायाशी उभी आहे!"

"होय महाराजा!"

"ह्या घरच्या धाकल्या सुनेचे हात धरलेत!"

"होय महाराजा!"

"वैद्याने औषध दिलंन्, तुपातनं द्या म्हणून सांगितलंन्!"

"होय महाराजा!"

"माझ्या मोठ्या काकीने ते पावसाळ्यापासून पाण्यातनं दिलंन्!"

"होय महाराजा!"

पुढच्या माणसांच्या तोंडातून शब्द निघून गेला आणि मग त्यांना कळलं. एक जण जीभ चावत दुसऱ्याकडे बघायला लागला. पण ढोलवाले मागे होते, त्यांना नुसता सूर ऐकू येत होता. मी थांबले नाही.

"तूप फडताळात ठेवून कुलूप घातलंन्!"

"होय महाराजा!" ढोलवाल्यांचा दणदणीत आवाज.

"आणि गावभर सांगितलंन् की सुमन सोंग करते!"

"होय महाराजा!"

"ज्याने हे केलंन् त्याने आज तुझ्यापुढे खरं बोलावं महाराजा!"

"होय महाराजा!"

तात्या खांबाला धरून उभे होते. गुरवाने माझ्याकडे बघितलं, मग काकीकडे. गाऱ्हाणं पालखीपुढे पडलं होतं, आणि पडलेलं गाऱ्हाणं गुरवालाही परत घेता येत नाही. तो म्हणाला, "काय गो वयनी, पोर सांगते ते खरं हाय काय?"

पालखीपुढे धडधडीत 'नाही' म्हणायची हिंमत आमच्याकडे कोणाचीच नाही, काकीचीही नव्हती. ती म्हणाली, "विसरले मी."

"इतके महिने?" गर्दीतून कोणीतरी विचारलं आणि दोनचार माणसं हसली. तो आवाज कोणाचा होता मला आजवर कळलेलं नाही. कळलं असतं तर मी त्याच्या घरी दर वर्षी आंब्याची पेटी पाठवली असती.

तात्यांनी खांब सोडला. आयुष्यात एकदाच सोडलान्, पण सोडलान्. म्हणाले, "उघड फडताळ." काकीने कमरेची किल्ली काढली. पालखी अंगणात, माणसं अंगणात, आणि काकी आत जाऊन चुलीपुढे बसली. थोड्या वेळाने तुपात पुडी परतून, वर मिरी कुटून, वाटीत घालून आईसमोर घेऊन आली. माझी आई, जी त्या घरात पाणीसुद्धा विचारून प्यायची, तिने वाटीला बोट लावून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वयनी, थंड झालंय. जरा गरम करून आणा."

काकी गेली, गरम करून आली. आईने वाटीत डोकावून पाहिलं. "मिरी जाड राहिलीत वयनी. पुन्हा कुटा."

काकी पुन्हा गेली. आतून खलबत्त्याचा ठणठण आवाज येत होता, आणि अंगणात पालखी थांबली होती, देवाला घाई नव्हती. मी आईकडे पाहिलं. तिच्या तोंडावर काही नव्हतं, हसू नाही की राग नाही. पण ती दाराच्या चौकटीतून पुढे येऊन ओटीवर बसली होती आणि हात पदरातून बाहेर काढून मांडीवर ठेवले होते, कोणालाही दिसतील असे. तिसऱ्या खेपेला तिने ते घेतलं. वाटी काकीच्या हातात परत देताना म्हणाली, "आता दूध."

त्यानंतर रोज सकाळी न्याहारीच्या वेळी मी चुलीपुढे पाट घेऊन बसायचे. काकी तूप घालायची, मी बघायचे. कमी वाटलं तर नुसतं "अजून" म्हणायचे. ती माझ्याकडे अशी बघायची की जाळून टाकेल, आणि अजून घालायची. मला त्यात किती आनंद व्हायचा हे सांगायला मी मुळीच लाजत नाही. शाळेत जाताना मी गाणं म्हणत जायचे. मुंबईच्या चुलतभावांनी आमच्याशी बोलणं टाकलं, टाकू देत. बाबा आले, त्यांना सगळं कळलं, आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत दोन खोल्या घेऊन आम्ही वेगळे झालो. आईची सूज उतरली. सकाळी मूठ वळायला लागली. ती पुन्हा तिखलं करायला लागली. पण उजव्या हाताची जी दोन बोटं कलली होती, ती तशीच राहिली. आबा वैद्य म्हणाले, "वेळ गेली गो."

आता खरी गोष्ट ऐका. तूप-मिरी पहिल्या दिवसापासून मिळालं असतं तर ती दोन बोटं सरळ राहिली असती का? मला माहीत नाही. हे मी आयुष्यभर शिकवलं, तरी माहीत नाही. हळद अंगात शिरली म्हणजे सांधे वाचतातच असं कोणी छातीठोक सांगत असेल तर तो काहीतरी विकतोय. सूज उतरली ती औषधाने, विश्रांतीने की आपोआप, तेही मी सांगू शकत नाही. आणि माझा राग नेमका इथेच आहे. काकीने आम्हाला ते कळण्याची सोयच ठेवली नाही. औषध हरलं असतं तर आम्ही नशिबाला बोल लावून गप्प बसलो असतो. तिने त्याला लढूच दिलं नाही.

आई गेली ती रत्नागिरीच्या घरी, म्हातारी होऊन, झोपेत. गावाहून सगळे आले. काकीही आली, कमरेत वाकलेली, दोघांच्या आधाराने. आल्या आल्या तिने जो हंबरडा फोडलान्, त्याने शेजारीपाजारी गलबलले. आईला अंगणात ठेवलं होतं. बायकांनी हळदकुंकू लावलं, आणि नेण्याआधी तिचे हात जोडायला घेतले. ती दोन बोटं काही जुळेनात. एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने सुटायची. कोणीतरी दोऱ्याने बांधू या म्हणालं. तेव्हा काकी पुढे सरकली, आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतलान् आणि ती बोटं सरळ करायला लागली. हळूहळू, चोळून चोळून, रडत, "सुमन बाय, सुमन बाय" करत.

ही बोटं काकीमुळेच वाकडी झाली, असं परीक्षेत एखाद्या मुलीने पुराव्याशिवाय लिहिलं असतं तर मी तिला नापास केलं असतं. पण अंगणात मी परीक्षक नव्हते. मी काकीच्या मनगटाला धरलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "राहू दे, काकी. तशीच जाऊ देत. कोणाचं काम आहे ते देवाला बघू दे."

काकीने हात सोडलान्. आईला आम्ही तशीच नेली, न जोडलेल्या हातांनी.